कमळपानाचे जेडपात्र आणि मुलीच्या शिक्षणाचा निधी

हाँगकाँगमध्ये नोकरी करणाऱ्या आणि दोन वर्षांनी पुण्याला परतणाऱ्या एका दांपत्याने विचारले आहे की, हॉलिवूड रोडवरच्या दुकानातले पांढऱ्या जेडचे (एका कठीण, मौल्यवान दगडाचे) पात्र 1,80,000 हाँगकाँग डॉलरना घ्यावे का. दुकानदार ते चीनच्या छियानलुंग बादशहाच्या काळातले (1736–1795) सांगतो. दिवाणखान्याची शोभा वाढेल आणि पुढे मुलीच्या शिक्षणालाही पैसा उभा राहील, असा त्यांचा विचार आहे. ही रक्कम त्यांच्या बचतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी आहे.

माझे मत असे की, या किमतीला आणि या हेतूने हे पात्र घेऊ नये.

आपण पाठवलेली छायाचित्रे मी बराच वेळ पाहिली. कमळाच्या पानाची कड आत वळलेली आहे, आणि देठ खाली वळसा घेऊन त्याचीच बैठक झाली आहे. चिनी विद्वानांच्या लेखनमेजावर अशी पात्रे कुंचले धुण्यासाठी असत. देवघरात किंवा दालनात धूपदान, फुलदाणी आणि डबी असा जेडचा संच मांडला जाई. जेड छिन्नीने कोरता येत नाही, फिरत्या चकतीवर ओली कठीण वाळू लावून तो झिजवावा लागतो, म्हणून पानाच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या बाजूलाही तितकीच झिलई असेल तर कारागिराने जीव ओतला आहे असे समजावे. 1759 मध्ये शिनजियांग प्रांत छियानलुंगच्या ताब्यात आल्यावर तिथल्या खोतानचे जेड त्याच्या दरबारात मुबलक येऊ लागले, आणि हिंदुस्थानी घडणीची पातळ पात्रे तर त्याला इतकी आवडली की त्यांवर त्याने स्वतःच्या कविता कोरवून घेतल्या. त्या लौकिकामुळेच बाजारातले बरेचसे चांगले पांढरे पात्र त्याच्याच नावावर खपवले जाते.

अडचण इथेच आहे. त्याच घाटाची पात्रे पुढे 19व्या आणि 20व्या शतकातही घडली. आपल्याला मिळालेले प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दगड अस्सल आहे एवढेच सांगते; तो कधी घडवला हे सांगत नाही. काळाची किंमत ठरते ती जाणकाराच्या नजरेवर आणि जुन्या पावत्या, लिलावाच्या सूचीतील नोंदी यांवर, आणि आपल्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

आता विक्रीचा हिशेब पाहू. उद्या लिलावात एखाद्याने एकूण 1,80,000 मोजले, तरी त्यातले खरेदीदाराचे अधिमूल्य (बोलीवर लिलावघर खरेदीदाराकडून घेते ती जादा रक्कम) बोलीच्या 25 टक्के धरले तर बोली 1,44,000 ची ठरते, आणि विक्रेत्याचे 10 टक्के कमिशन वजा जाता आपल्या हाती सुमारे 1,29,600 उरतात. मधल्या वर्षांत व्याज नाही, लाभांश नाही.

पुण्याला परतल्यावर पेच आणखी घट्ट होतो. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीने भारताबाहेर नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे पात्र खरोखर जुने असेल तर हाँगकाँगची बाजारपेठ आपल्याला जवळपास बंद होईल. आणि जुने नसेल तर आपण आजच जास्त पैसे मोजलेले असतील. कलाकृती घरातली वापराची वस्तू म्हणून करातून सुटत नाही, हेही ध्यानात ठेवावे: दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो.

शिक्षणाचा पैसा मुदत ठेवी आणि निर्देशांक (इंडेक्स) फंडांतच राहू द्यावा. जेडची ओढ मात्र मला समजते. ती भागवण्यासाठी बचतीच्या दोन-तीन टक्क्यांत, अलीकडच्या काळातले म्हणूनच विकले जाणारे एखादे पात्र घ्या आणि लाकडी बैठकीवर खिडकीजवळ ठेवा, म्हणजे पातळ कडेतून उजेड झिरपेल. दिवा बसवण्यासाठी त्याला भोक मात्र पाडू नका. पूर्वी परदेशांत अनेक चिनी पात्रांचे असे दिवे झाले आणि त्यांचे मोल उतरले.

तरीही याच पात्रावर मन अडले असेल, तर पावतीवर काळाचा स्पष्ट उल्लेख आणि तो चुकीचा ठरल्यास पूर्ण पैसे परत देण्याची अट लेखी मागा. ती हाती येईपर्यंत बयाणा देऊ नका.