२८ हजार किलोमीटर चाललेली जुनी ९११ घेऊ, की १ लाख १० हजारवाली?

तुम्ही २००६ सालच्या दोन पोर्श ९११ बघून ठेवल्या आहेत. दोन्ही साध्या करेरा, म्हणजे ९११ चं मूळ मॉडेल, आणि दोन्ही मॅन्युअल. एक २८ हजार किलोमीटर चाललेली, बहुतेक काळ कव्हरखाली उभी. दुसरी १ लाख १० हजार चाललेली, सोबत बिलांची जाडजूड फाइल. मागितलेली किंमत दोघींची जवळपास सारखीच. कुठली घ्यावी, घेतल्यावर सांभाळणं किती जड जाईल आणि विम्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी दुसरी घेईन. तीही तपासून, डोळे झाकून नाही. पण पहिलीच्या मोहात पडणार नाही, कारण तो मोह मी एकदा करून बसलोय.

माझी ९११ नव्हती, वेगळ्याच कंपनीची दोन सीटची गाडी होती. १४ वर्षं जुनी, १९ हजार चाललेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. मालकाने कव्हर काढलं आणि आत शोरूममधून आल्यासारखी गाडी. सीटवर सुरकुती नाही, बॉनेटवर ओरखडा नाही. टायरची नक्षी अगदी खोल, म्हणजे टायर नवेच, असं मी मनात धरून चाललो. घरी आणल्यावर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले तेव्हा कळलं की ते ११ वर्षांचे आहेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर लाकडासारखं झालेलं होतं, आणि ओल्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला गाडीची शेपूट बाहेर गेली. मग रांगच लागली. कूलंटचा एक पाइप तडकला. मागचा एक ब्रेक धरून बसला. एसीचा गॅस दर महिन्याला उडायला लागला, कारण कंप्रेसर वर्षानुवर्षं फिरलाच नव्हता आणि त्याचं सील सुकलं होतं. पहिल्या वर्षात गाडीच्या किमतीच्या जवळपास चौथा हिस्सा पुन्हा त्याच गाडीत घातला.

उभी गाडी आतून सडते, हे आपल्याला बाहेरच्या चकाकीमुळे पटत नाही. सर्व्हिसच्या पुस्तकात "इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, गाडी चालो न चालो. ओल वाढली की ते कमी तापमानाला उकळतं आणि ऐन उतारावर पेडल मऊ पडतं. इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद केलं तर आत धरलेलं पाणी उडून जायला वेळच मिळत नाही, ते आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून बसतं. "दर रविवारी स्टार्ट मारून ठेवतो" असं विकणारा अभिमानाने सांगेल. त्यापेक्षा महिनाभर हातही लावला नसता तरी बरं होतं.

आता नेमकं तुमच्या गाडीबद्दल. २००६ ची ९११ म्हणजे ९९७ मालिकेतली सुरुवातीची गाडी (९११ च्या प्रत्येक पिढीला असा एक आकडा असतो). तिच्या आधीच्या ९९६ पासून ९११ पाण्याने थंड होणारी झाली. तेव्हाच्या इंजिनात एक मधला शाफ्ट आहे, त्याच्या टोकाच्या बेअरिंगची बदनामी तुम्ही वाचली असेलच. हे बेअरिंग फुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, बिघडतं आणि बहुतेक वेळा इंजिन जातं. २००६ च्या सुमारास कंपनीने ते मोठं केलं, त्यामुळे धोका बराच उतरला. पण ते मोठं बेअरिंग इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही. म्हणजे जुन्या ९९६ सारखं "क्लच बदलतोयच तर बेअरिंगही बदलू" हे इथे चालत नाही. २००८ मध्ये आलेल्या नव्या इंजिनात कंपनीने तो मधला शाफ्टच काढून टाकला. बजेट थोडं ताणता येत असेल तर ती गाडी आधी बघा, असं मी कुणालाही सांगेन.

तुमच्या दोन्ही गाड्यांना मला बेअरिंगपेक्षा सिलिंडरची भीती जास्त वाटते. या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात, विशेषतः चौथ्या ते सहाव्या सिलिंडरच्या बाजूला. थंड इंजिन आणि छोट्या फेऱ्या याला मदत करतात, असं ही इंजिनं उघडणारे लोक सांगतात. म्हणजे पुन्हा शंका कव्हरखालच्या गाडीवरच येते. खुणा तीन: ऑइल जास्त खाणं, तापल्यावर टिकटिक आवाज, आणि सायलेन्सरचा एका बाजूचा पाइप दुसऱ्यापेक्षा जास्त काळा. पण खुणांवर थांबू नका. स्पार्क प्लग काढून बारीक कॅमेरा आत घालून सहाही सिलिंडर बघायला लावा. यासाठी द्यावे लागणारे पैसे म्हणजे गाडी घेण्याच्या खर्चातला सगळ्यात सत्कारणी लागणारा भाग. मालक नको म्हणाला तर पुढची गाडी बघा.

तिथेच ऑइल फिल्टर कापून उघडायला सांगा. कागदाच्या घड्यांत चमकणारे धातूचे कण दिसले तर कुठलं बेअरिंग यावर वाद घालत बसू नका, घरी या.

दुसरी तपासणी संगणकाची. गाडीच्या इंजिनच्या संगणकात दोन गोष्टी नोंदलेल्या असतात: इंजिन एकूण किती तास चाललं आणि किती वेळा मर्यादेपलीकडे फिरलं. तासांनी किलोमीटरला भागा. २८ हजार किलोमीटर आणि ६०० तास असतील तर सरासरी ताशी ४७ किलोमीटर, पटण्यासारखं. तेच २,२०० तास निघाले तर सरासरी १३ च्या खाली. मग एकतर गाडी सतत उभ्याने चालू ठेवलीय, नाहीतर मीटर मागे फिरवलंय. जास्त फिरण्याच्या नोंदींचे ९९७ मध्ये सहा कप्पे आहेत. खालचे दोन-तीन भरलेले असले तर काळजी नको, कुणीतरी गाडी मजेत चालवलीय एवढंच. वरचे भरलेले असतील तर समजा कुणीतरी पाचव्यातून चौथा टाकायला गेला आणि हात दुसऱ्यात पडला. अशा वेळी चाकंच इंजिनला फिरवतात, पेट्रोल तोडणारा लिमिटर तिथे काही करू शकत नाही. ही नोंद इंजिनच्या कितव्या तासाला झाली तेही दिसतं. ८०० तासांपूर्वीची असेल आणि त्यानंतर गाडी नीट चालली असेल तर मी फारसा घाबरणार नाही. मागच्या महिन्यातली असेल तर घाबरेन.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असायला हवं. फोनवर तसं आधी सांगा, आणि पोचल्यावर मागचं झाकण उघडून हात लावा. कोमट लागलं तर मालकाला तुम्हाला काहीतरी ऐकू द्यायचं नाहीये. थंड इंजिन सुरू होताना थोडा निळसर धूर निघाला तर दचकू नका. सिलिंडर आडवे असल्याने थोडं ऑइल आत झिरपतं, मिनिटभरात थांबतं. पांढऱ्या धुराचा लोटच्या लोट थांबत नसेल तर मात्र ऑइलची वाफ वेगळी करणारा भाग गेलाय. पुढच्या बंपरच्या खालच्या तोंडांत टॉर्च मारून बघा. तिथे रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर आहेत, वाळकी पानं आत अडकून ओली राहतात आणि ते गंजून गळायला लागतात. चांगला मालक दरवर्षी बंपर काढून ती साफ करतो. पानं नसतील तर त्या माणसाबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं, इतर काहीही असो.

फाइल वाचायची म्हणजे नुसती जाडी बघायची नाही. तारखा बघा. ऑइल दरवर्षी बदललंय का, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंय का, पाण्याचा पंप, इग्निशन कॉइल, क्लच कधी झाले. १ लाख १० हजारवाल्या गाडीत हे सगळं एकदा होऊन गेलेलं असेल तर तो खर्च आधीच्या मालकाने केलाय. २८ हजारवालीत तो तुमची वाट बघतोय.

सांभाळण्याच्या खर्चाचं गणित लोक चुकवतात ते इथे. गाडी नव्या किमतीच्या अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली आली, पण ब्रेकची डिस्क, क्लच आणि शॉकअॅब्सॉर्बर अजून नव्या गाडीच्याच भावाने येतात. माझा ठोकताळा असा: खरेदीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवूनच सौदा करायचा. ते उरले तर नंतर लागणाऱ्या नव्या टायरांना. सगळा पैसा खरेदीतच संपत असेल तर थांबा किंवा साधी गाडी घ्या. विम्याचं तुम्ही विचारलंय, ते गाडीच्या आधीच विचारून ठेवा, बस.

मॉडेल कुठलंही असो, कुठल्या नेहमीच्या कामासाठी इंजिन उतरवावं लागतं हे घेण्यापूर्वी विचारा. फेरारीचं उदाहरण बोलकं आहे. एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. त्यानंतरच्या ३६० ला तेच काम सीटमागच्या झाकणातून होतं. एफ४३० मध्ये बेल्ट गेला आणि चेन आली. तिन्ही मागे व्ही८ असलेल्या, एकाच घराण्यातल्या, पण बेल्टच्या कामाचा हिशेब तिघींचा वेगळा.

घेतल्यानंतरचं फार कठीण नाही. आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास सलग चालवा. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते नंतर तापतं. तोवर इंजिन ओढू नका. ऑइल दरवर्षी बदला, किलोमीटर होवोत न होवोत. इंजिनात साधारण ८ लिटर लागतं, तेव्हा बिल बघून ओरडू नका. उभी राहणार असेल तर बॅटरीला सावकाश चार्ज ठेवणारा चार्जर लावा. व्होल्टेज खाली गेलं की या गाड्यांचे संगणक भलत्याच चुका दाखवतात आणि तुम्ही नसलेल्या बिघाडामागे पैसे घालता. आणि फक्त याच गाड्या करणारा मेकॅनिक गाडीच्या आधी शोधा. तोच तुमची तपासणी करेल, आणि गाडी घेऊ नका म्हणाला तर ऐका. तुम्हाला गाडी आवडलेली असते, त्याला नसते.

आज एवढंच करा: दोघांनाही मेसेज टाका, चारही टायरवरच्या आकड्यांचे आणि शेवटच्या तीन ऑइल बदलांच्या बिलांचे फोटो मागा. कोण तासाभरात पाठवतो आणि कोण "समोर या, बोलू" म्हणतो ते इथे कळवा, मग पुढचं बघू.