पगारी नोकरीतले जादा तास: नव्याने लागलेल्या पोरासाठी

गोव्यात वेर्ण्याच्या कंपनीत लागलास, अभिनंदन. पत्रात 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलंय म्हणून ओव्हरटाइम विसर असं एचआर सांगेल. लगेच मान डोलावू नकोस. कायदा हुद्द्याच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम बघतो. हाताखाली माणसं नाहीत, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर मशीन नाहीतर नोंदी सांभाळतोस, तर तू कामगार ठरू शकतोस. कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना किमान दुप्पट दर आहे. खरोखरचा मॅनेजर असशील तर मात्र हे फारसं लागू पडत नाही, तिथे आधीच पगारात घासाघीस करावी.

आजपासून एक वही ठेव: आत कधी, बाहेर कधी, थांबायला कोणी सांगितलं. पंचिंग त्यांच्या ताब्यात असतं, वही तुझ्या. तोंडी 'थांब रे जरा' आलं की 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे थांबतोय' असा साधा मेसेज टाक. भांडणाचा सूर नको. चतुर्थीच्या आधीची गडबड एकवेळ समजू शकते. बारमाही गडबड म्हणजे माणसं कमी भरलीत, दुसरं काही नाही.

बदली सुट्टी देतो म्हणाले तर तारीख लेखी घे. नाहीच जमलं तर पणजीला पाटो भागात श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. पण एकटा जाऊ नकोस, शिफ्टमधले दोघे-तिघे घेऊन जा.