शेतीचा सल्ला: मृग निघाला, पण पेरावं का?

मृगाच्या पहिल्या आठवड्यातच दोन दणदणीत सरी झाल्या. शिवारात तिफणी सुरू झाल्यात, घरचेही घाई करतायत. सोयाबीन पेरावं का? (औसा, जि. लातूर)

पाऊस किती मिलिमीटर झाला, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं अडतं ते तिथंच. सलग पावसाने 75 ते 100 मिलिमीटरचा टप्पा गाठल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नका. उन्हाळाभर तापलेल्या काळ्या रानात पहिल्या सरींचं बरंचसं पाणी भेगांतच जातं. वरची तीन-चार बोटं ओली दिसतात, तेवढ्या ओलीवर बी फुगतं, मोडही येतो. पण मूळ खाली गेलं की त्याला कोरडी, गरम माती लागते. मग आठ-दहा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी ठरलेलीच.

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा आकडा तुमच्या रानाला लागू पडेलच असं नाही. एका शिवारात पाऊस आणि बांधापलीकडे ऊन, हे आपल्याकडे नेहमीचंच. घरचं माप सोपं आहे. उभ्या बाजूंचा, बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर, घर-झाडापासून लांब ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून ओतून द्या. बादली चालणार नाही. ती खाली अरुंद असते, त्यामुळे पाऊस पडला त्यापेक्षा जास्त दिसतो. रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहीत चला.

आकडा पुरला की कुदळीने दोन-तीन ठिकाणी वीतभर खणा. तिथपर्यंत ओल एकसारखी हवी. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कंबरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. चपटा होऊन चिकटून राहिला तर थांबा, कारण अशा चिखलात पेरलं की वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो.

दहा दिवस थांबल्याने सोयाबीनचं फार बिघडत नाही, जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं. मूग-उडदाला मात्र एवढी सवड नसते; वाफसा मिळाला की आधी ते उरका. कपाशीची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या रानात पेरणी, काही भागांत करतात, म्हणून सोयाबीनची करायला जाऊ नका.

घरचं सोयाबीन बियाण्यासाठी ठेवलंय. कसं तपासावं? काहीजण रात्रभर भिजवून बघा म्हणतात. (वाशीम)

भिजवू नका! सोयाबीनचं साल पातळ असतं. एकदम पाणी प्यायलं की दाणा आतून तडकतो आणि चांगलं बीही वाया गेल्यासारखं दिसतं.

प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर दाणे घेऊन मिसळा. त्यातले 100 दाणे न निवडता मोजा. चांगले-चांगले वेचलेत तर चाचणी तुम्हालाच फसवेल. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपं मोजा. नुसता मोड आलेले, बुळबुळीत झालेले दाणे धरू नका.

70 टक्के उगवण असेल तर एकरी 30 किलो बी. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. म्हणजे 64 टक्के आली तर 33 किलो. 60 च्या खाली गेलं तर ते बी म्हणून वापरू नका. सोयाबीनची उगवण बहुतेकदा हाताळणीत मरते: मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती ट्रॉलीतून आदळली, थप्पी फार उंच रचली. गेल्या हंगामात असं काही झालं असेल तर चाचणी दोनदा करा.

बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी. ते सुकल्यावर रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, मग सावलीत वाळवून लगेच पेरणी. चोळू नका, हलक्या हाताने खालीवर करा. खोली तीन-चार सेंटिमीटर. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचे फण खोल बसतात, म्हणून पहिल्याच ओळीत माती उकरून बी कुठे पडलंय ते बघा.

दुपारनंतर विजा सुरू झाल्या की बैल लिंबाखाली बांधतो. दुसरं काय करणार? (जालना)

मोकळ्यावर एकट्या झाडाखाली बैल बांधणं सर्वांत वाईट. झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने ती त्याच्या अंगातून जाते. तारेच्या कुंपणालाही बांधू नका. चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की औत सोडून जनावरं घेऊन गोठा गाठा. स्वतः पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. रानातच अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या. आसपास कुठे विजा पडतायत ते त्यात दिसतं.