'जेझुइट पंथ' की 'जेझुइट संघ'?

प्रश्न असा आहे: पोप फ्रान्सिस 'जेझुइट पंथाचे' होते आणि त्यांच्यानंतरचे पोप लिओ चौदावे 'ऑगस्टिनियन पंथाचे', असं बातम्यांत वाचलं. वेगवेगळ्या पंथांची माणसं एकाच गादीवर कशी?

घोळ 'पंथ' या शब्दानं घातलाय. ख्रिस्ती धर्माबद्दल बोलताना आपण कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स यांना पंथ म्हणतो; तिथे शिकवणही वेगळी आणि धर्मसत्ताही. जेझुइट, ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन हे मात्र सगळे कॅथलिकच. वेगळी आहे ती व्रतस्थांची नियमावली, राहणी आणि काम. म्हणून 'संघ' म्हणावं. मराठी कॅथलिक मंडळी जेझुइटांना 'येशूसंघीय' म्हणतातच. (पोप फ्रान्सिसनी नाव घेतलं असिसीच्या संत फ्रान्सिसचं, त्यामुळे त्यांना फ्रान्सिस्कन समजणारेही पुष्कळ. ते जेझुइट होते, आणि त्या संघातून पोप झालेले पहिलेच.)

'मठवासी' हा शब्दही असाच सरसकट वापरला जातो. बेनेडिक्टाइन साधूंना तो चपखल बसतो, कारण आपल्या मठाशी जन्मभर बांधून घेण्याचं त्यांचं व्रतच असतं. १०८४ मध्ये सुरू झालेले कार्थुसियन तर मठातही एकांतात राहतात. प्रत्येकाची स्वतंत्र कुटी, तिला छोटी बाग, आणि एरवीचं जेवण दाराशेजारच्या झरोक्यातून आत सरकवलं जातं. तेराव्या शतकातले फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन मात्र भिक्षेवर राहून गावोगाव उपदेश करत निघाले. त्यांना 'भिक्षू' म्हणणं योग्य. जेझुइटांना यातलं काहीच लागू पडत नाही. १५४० साली मान्यता मिळालेल्या या संघाला ठरावीक झगा नाही, दिवसातून अनेकदा एकत्र जमून स्तोत्रगायनाची सक्ती नाही. उलट, पोप धर्मकार्यासाठी धाडतील तिथे जायचं, असं जादा व्रत आहे. त्यांना मठवासी म्हणणं म्हणजे निव्वळ आळस!

मदर तेरेसांचा १९५० चा संघही व्रतांवरूनच ओळखू येतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही नेहमीची तीन व्रतं, आणि चौथं गरिबातल्या गरिबांच्या सेवेचं.

कॅथलिकांबाहेर मात्र 'संघ' हा शब्द जपूनच वापरावा. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये असे वेगवेगळे संघ नसतातच, मठ असतात. ग्रीसमधल्या एकट्या अथोस पर्वतावर वीस मोठे मठ आहेत. प्रोटेस्टंट चळवळीची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथर स्वतः ऑगस्टिनियन, पण त्यानं व्रतांवरच टीका केली आणि प्रोटेस्टंट देशांतले बहुतेक मठ ओस पडले. तरीही १९४० मध्ये ब्रदर रॉजर यांनी फ्रान्समधल्या तेझे गावी मुळं रोवलेल्या समूहात आज प्रोटेस्टंट आणि कॅथलिक बंधू एकत्र राहतात. जर्मनीत १९२० साली सुरू झालेल्या ब्रुडरहोफ या ख्रिस्ती समूहात तर संसारी कुटुंबं आहेत, फक्त मालमत्ता सगळ्यांची मिळून. या दोघांना मी 'समुदाय' म्हणेन.

तेव्हा बातमीत 'जेझुइट संघाचे' किंवा नुसतं 'जेझुइट' लिहिलं तरी पुरे.