दहा मिनिटांचा अंधार

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. वर्षभरापासून तो ‘एमडी’ घेतो, हे आम्हाला दिवाळीत कळले. गेल्या आठवड्यात दात घासताना त्याच्या उजव्या डोळ्यापुढे अचानक काळा पडदा आला आणि दहाएक मिनिटांनी सरला. आता स्वच्छ दिसते. चष्म्याच्या दुकानात नंबरही निघाला नाही. त्या पावडरीचा याच्याशी संबंध असेल का?
– एक आई, ठाणे

उत्तर : दाट शक्यता आहे, आणि तपासणी लांबवण्यासारखी नाही, म्हणूनच अंक निघण्याची वाट न पाहता आपल्याला तसे कळवले. नंबर न निघाल्याचा दिलासा मात्र मानू नये, कारण चष्म्याच्या नंबरावरून रक्तवाहिन्यांची अवस्था कळत नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. अशा उत्तेजकांमुळे शरीरात नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन एकदम वाढते, रक्तदाब चढतो आणि बारीक धमन्या आवळल्या जातात. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या, प्रतिमा उमटते त्या भागाच्या, आतल्या थरांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच असते आणि ती तुंबली तर रक्ताला दुसरी वाट बहुधा नसते. ती क्षणभर आकसली किंवा बारीक गुठळीने अडली, तर असा पडदा येऊन जातो. अडथळा काही तास टिकला, तर गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. मेंदूच्या धमनीत हेच घडले तर पक्षाघात होतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांबरोबरच मेंदू आणि हृदयाच्या डॉक्टरांनीही त्याला तपासायला हवे. अर्धशिशी किंवा हृदयाच्या झडपेचा दोष अशी अन्य कारणेही असू शकतात. तीही त्यातच तपासली जातील.

डॉक्टरांपासून व्यसन लपवू नका. डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी घालतात त्या थेंबांत पुष्कळदा फिनाइलएफ्रिन असते आणि तेही धमन्या आवळणारेच औषध आहे. नशेत असलेल्या माणसाच्या डोळ्यांत ते अजाणता पडले, तर रक्तदाब आणखी चढू शकतो. (ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडातही बाहुल्या मोठ्या दिसणे, ही अशा नशेची खूण घरीही ओळखता येते.)

पोलिसांच्या धास्तीने उपचार टाळू नयेत. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यांपुरते, याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे. १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

पडदा पुन्हा आला, तर तो सरण्याची वाट न पाहता पक्षाघातावर तातडीने उपचार करणारे मोठे रुग्णालय गाठा, आणि निघताना तो किती वाजता आला ते लिहून घ्या; डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.