स्कोअर म्हणजे गुण नव्हे, चरा!

प्रश्न असा आलाय की लेझर कटिंगच्या फाईलमधे कट, स्कोअर आणि एनग्रेव्ह असे तीन लेयर, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा थर, करतात, त्यातल्या स्कोअरला मराठीत काय म्हणायचं, कारण एका भाषांतरात 'गुण रेषा' असं छापलेलं दिसलं.

अहो, गुण कसले! हे सारखं कानावर येतं आणि दर वेळी डोकं उठतं. कट म्हणजे आरपार, एनग्रेव्ह म्हणजे कोरणं, तिथे काही अडत नाही. स्कोअरमधे लेझर वेक्टरच्या, म्हणजे फाईलमधे आखलेल्या, रेघेवरूनच जातो, कटसारखाच, फक्त पॉवर कमी नाहीतर स्पीड जास्त, म्हणून वरच्यावर खाच पडते आणि माल अखंड राहतो.

आणि मूळ शब्दाचा अर्थही खाचच! इंग्रजीत तो आला जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, आणि तिथे 'स्कोर' म्हणजे खाच. मोजदाद करायची तर काठीवर खाचा पाडायच्या, त्यावरून स्कोअर म्हणजे वीस (आपल्याकडे 'तीन विसा' म्हणतात तशी विसाची मोजणी), आणि खेळातले गुण तर कितीतरी नंतरचे. काही जाणकार छातीठोकपणे सांगतात की हातापायाची बोटं वीस म्हणून स्कोअर म्हणजे वीस. विसाने मोजायची सवय बोटांवरून लागली असेल, पण शब्द बोटांचा नाही, खाचेचा आहे, हे त्यांना कितीदा सांगायचं? इंग्लंडच्या सरकारी खजिन्याचा हिशोब कित्येक शतकं अशा खाचांच्या काठ्यांवर चालायचा, आणि १८३४ साली त्याच जुन्या काठ्या भट्टीत घालताना तिथली संसद जळाली!

पण मला खरा आनंद पुढच्या गोष्टीचा आहे. हा 'स्कोर' आला 'स्केरा' म्हणजे कापणे यातून, इंग्रजीतलं शिअर म्हणजे कातरणे त्याच घरातलं, आणि आपल्या संस्कृतातला कृत् धातूही त्याच मुळाचा. कृत् वरून कर्तरी, कर्तरीची झाली कात्री, कृत्ति म्हणजे कापून काढलेलं चामडं, त्यातून आपली कात आणि कातडं. म्हणजे स्कोअर आणि कात्री चुलत बहिणी, आणि भाषांतर करणारा तिला गुणपत्रिकेत नेऊन बसवतो!

कुणी 'उत्कीर्ण रेषा' सुचवलंय, तेही नको, उत्कीर्ण म्हणजे कोरलेलं, मग एनग्रेव्हला काय उरलं?

हां, प्रश्न राहिलाच. 'चरा' म्हणा. काचेवर चरे पडतात तोच चरा, वरवरचा, आरपार न गेलेला. लेयरला नाव 'चरा', रंग कटपेक्षा वेगळा, आणि एकावर एक दोन रेघा राहिल्यात का तेवढं बघा. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या घडीवर माझ्या फाईलमधे अशी डबल रेघ राहिली होती, स्क्रीनवर एकच दिसते, लेझर मात्र दोनदा फिरला आणि घडी पडायच्या जागी झाकण सुटून हातात आलं. चऱ्याचा कट झाला.