जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी नवी, तरी सेल्फ जड फिरतो. सगळं वायरिंग बदलावं का?

एवढ्यात नको. दोष बहुधा अर्थिंगचा, म्हणजे बॅटरी ट्रॅक्टरच्या लोखंडाला जिथे जोडलेली असते तिथला, असतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थकडच्या शिशाच्या खुंटावरच धरा, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची केबल सोडवा. नटाखाली बहुतेक रंग नाहीतर गंज सापडेल. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा.

वायरचं इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल, तर मात्र सगळं वायरिंग बदलाच. तेव्हा प्रत्येक सर्किटला फ्यूज द्या, जुन्या गाड्यांत ते फार थोडे असतात. आधी अर्थची केबल काढा. काही जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह बाजू अर्थ असते, तेवढं नीट बघून घ्या.